फाट्यावरचा तुमचा श्र

वहिनी,

फाट्यावरचा फ्लेक्स मी त्याच दिवशी संध्याकाळी काढून आणला. तुमची राख अजून गरम होती आणि मी शिडीवर चढून सुतळीच्या गाठी सोडत होतो, हे आठवलं की आजही कानशिलं तापतात. गुंडाळी करून तो दुकानात मागच्या कोपऱ्यात, कोऱ्या फ्लेक्सच्या रोलांआड उभा करून ठेवलाय. एखादं गिऱ्हाईक त्या बाजूला सरकलं तरी माझा जीव वरखाली होतो. जसा काही चोरीचा मालच दडवून ठेवलाय.

चोरीचा नाही, लाजेचा आहे. तुम्हाला घेऊन आलेली गाडी फाट्यावर थांबली, तो फ्लेक्स समोर आला आणि मी हसलो. तुमच्या उशाशी बसून हसलो. गावानं ऐकलं, दादानं ऐकलं. तेव्हापासून माझा सख्खा थोरला भाऊ माझ्याशी एक शब्द बोललेला नाही. आता तुमची तेरवी तोंडावर आलीय. तिचा फ्लेक्स मीच करायचा, कारण घरात फ्लेक्सचं दुकान असताना बाहेर कोण जाणार? कॉम्प्युटरसमोर बसतो, तुमचा फोटो उघडतो आणि अक्षर कोणतं घ्यायचं इथंच गाडी अडते. म्हटलं, आधी तुमच्याशीच बोलून घ्यावं. तसंही आपलं भांडण अर्धंच राहिलंय.

तुम्ही अंगणवाडीच्या ताई. पोरांची वजनं, खिचडी, लसींचे वार, ह्या सगळ्या रहाटगाडग्यात अक्षरं कुठं बसत नव्हती. पण तुम्हाला कोरी भिंत बघवत नसे. दिवाळी झाली की गावातली निम्मी पोरं आईबापांबरोबर ऊसतोडीला निघून जायची आणि मागं राहिलेली आजीच्या लुगड्याला धरून, नाक ओढत तुमच्या दारात यायची. आत पाऊल टाकल्यावर रडतं पोर गप्प व्हावं म्हणून तुम्ही समोरच्या भिंतीवर कुणाच्या तरी दारखिडक्यांचा उरलेला रंग मागून आणून अक्षरं काढलीत. ग एक पाय वर करून उभा. ढ पोट धरून हसणारा. ळ म्हणजे नाकावरनं घसरलेला चष्मा. अक्षरांच्या डोक्यावरची रेघसुद्धा सरळ नव्हती, ओल्या कपड्यांनी झोळ पडलेल्या दोरीसारखी मधेच लोंबायची.

मी कसल्या तरी योजनेचा फ्लेक्स लावायला अंगणवाडीत आलो होतो. तुमची भिंत बघितली आणि हातातला हातोडा हातातच राहिला.

"वैनी, ही समदी मला कागदावर काढून द्या."

"कावून? तुमच्या दुकानात अक्षरं सपली का?"

"अक्षरं ढीगभर हायत. हसणारं येक न्हाई."

"मंग फुकट न्हाई देणार," तुम्ही म्हणालात. "लेकरांसाठी रंगीत खडूची मोठी पेटी आना. बारकी आणली तर निम्मीच अक्षरं मिळतील."

मी मोठी पेटी आणली. मग बाजारच्या दिवशी, अंगणवाडी सुटल्यावर, तुम्ही जीपमध्ये दाटीवाटीनं बसून केजला यायला लागलात. मेथीची जुडी, मिरच्या, साबण असं सगळं पिशवीत घेऊन दुकानातल्या त्या लाकडी स्टुलावर बसायच्या आणि जाड मार्करनं कार्डपेपरवर एकेक अक्षर काढायच्या. मी ते स्कॅन करायचो, कडा साफ करायचो आणि की-बोर्डच्या एकेका बटनावर बसवायचो. आपलं पहिलं भांडण त्या डोक्यावरच्या रेघेवरूनच झालं. भिंतीवर शब्द एकदाच काढायचा असतो, तिथं कसंही चालतं. कॉम्प्युटरमध्ये मात्र कोणतंही अक्षर कोणाच्याही शेजारी येऊन बसणार. म्हणून रेघ मधे कितीही नाचू दे, दोन्ही टोकांना ती एकाच उंचीवर यायला पाहिजे, नाहीतर शब्द फाटका दिसतो. मी हे परत परत समजावलं. तुम्ही मार्कर खाली ठेवलात.

"मंजी घरात कायबी करा, पर दारात आलं की पदर डोक्यावर. तुमच्या कॉम्प्युटरलाबी बाईमाणसाचेच नियम हायत की वो, भाऊजी."

आणि मग हसलात. तुमचं ते हसणं मी कुणाला लिहून दाखवू शकणार नाही, तरी प्रयत्न करतो. पदराचा बोळा तोंडावर दाबलेला, त्यामुळं सगळं हसू नाकातनं यायचं. आधी फुसफुस, मग एक बारीक शिट्टी, मग ठसका. दादा म्हणायचा, सायकलीची हवा सोडल्यागत हसती ही. तो तुम्हाला न्यायला एकदा दुकानात आला, टेबलावर पसरलेले कागद बघितले आणि कपाळाला हात लावून म्हणाला, "ह्या काय खोड्या लावल्यात दोघांनी?" झालं. नावासाठी आपण इतके दिवस डोकं खाजवत होतो आणि दादानं एका वाक्यात बारसं उरकलं. अक्षराचं नाव पडलं खोडी.

पहिला फ्लेक्स बसस्टँडजवळच्या रसवंतीचा केला. 'थंडगार ताजा रस' एवढंच, पण लोक थांबून बघायला लागले. मग पाणीपुरीचे गाडे आले, बर्फगोळे आले, बारशी आली. शाळांची गॅदरिंगं आली. पोळ्याच्या शुभेच्छा बैलाच्या फोटोसकट खोडीत लागल्या. आणि वाढदिवस. कुणाच्या ना कुणाच्या वाढदिवसाचा फ्लेक्स आपल्याकडं बारमाही पीक आहे, त्या पिकात खोडी अशी पसरली की पुढं पुढं लोक दुकानात येऊन फोटो द्यायचे आणि म्हणायचे, ते नाचकं अक्षर टाका. पेनड्राइव्हमधनं ती आष्टीपर्यंत गेली. कोणी विचारलं नाही, कोणी सांगितलं नाही. मी चिडलो, वकिलाच्या गोष्टी करायला लागलो. तुम्ही म्हणालात, "जाऊ द्या की. लेकरं हिंडल्याबिगर शानी व्हत्यात व्हय?"

तुम्ही लग्नाला जावा, मयतीला जावा, मीटिंगला जावा, वाटेत अक्षर दिसलं की माझा फोन वाजलाच.

"भाऊजी, तेलगावात हाय मी. उसाच्या ट्रॉलीमागं आपला ढ चालला हाय. 'ढकलू नका' लिवलंय आन त्योच पोट धरून हसायला."

मग फुसफुस, शिट्टी, ठसका. फोनवरसुद्धा कळायचं की पदर तोंडात आहे.

वहिनी, हे मी तोंडावर कधी बोललो नाही. बोलायला हवं होतं असं आता वाटतं, पण दीर-भावजयीत आभार मानायची पद्धत कुठं असते? फ्लेक्सच्या धंद्यात माणूस यंत्र होऊन जातो. तेच फोटो, तेच हात जोडलेले, तीच नावं चढत्या-उतरत्या मानानं लावायची, कोणाचं डोकं कोणापेक्षा मोठं झालं म्हणून शिव्या खायच्या. त्या कामात मजा असते हे मला तुमच्यामुळं कळलं. बाजारच्या दिवसाची मी वाट बघायचो. मंगलला, म्हणजे तुमच्या जावेला, ते कळलं होतं. ती त्या दिवशी डब्यात दोन भाकरी जास्तीच्या द्यायची, आणि तुमच्यासाठी वेगळा ठेचा.

आता आपल्या भांडणावर येतो.

बायजाआत्या गेली तेव्हाची गोष्ट. जन्मभर शेरडं-मेंढरं राखली त्या बाईनं. रानात, रस्त्यात, कुठंही भेटली तरी हसत भेटायची, मेंढरू हरवलं तरी हसत शोधायची. तिचे नातू फोटो घेऊन दुकानात आले. फोटोतही एकुलता एक दात दाखवून हसतीय. तुम्ही नेमक्या स्टुलावर बसलेल्या.

"भाऊजी, हा खोडीत करा," तुम्ही म्हणालात.

"डोकं ठिकाणावर हाय का वैनी? श्रद्धांजली हाय ती."

"मंग काय झालं? जलमभर हसली ती. मेली म्हनून तिला सावधानमधी उभी करता का?"

मी तुमची समजूत काढायची म्हणून, खरं तर तुमची जिरवायची म्हणून, 'भावपूर्ण श्रद्धांजली' हे शब्द खोडीत टाइप केले आणि स्क्रीन तुमच्याकडं फिरवला. तुमचा श्र तुम्हाला आठवत असेलच. पोट पुढं काढलेला, मान वाकडी, आणि खालची तिरकी रेघ म्हणजे पुढच्याला पाडायला आडवा घातलेला पाय. श्रीखंडात तो काय शोभायचा! इथं त्या पायाला अडखळून बिचारा द्ध तोंडघशी पडायच्या बेतात दिसत होता.

"बघा," मी नातवांच्या देखत म्हणालो. "ह्या श्रनं श्रद्धांजली लिवली तर मढं उठून हसंल!"

पोरं ओशाळून हसली. तुम्ही हसला नाहीत. तुम्ही माझ्याकडं नीट बघितलंत आणि म्हणालात, "उठून हसलं तर बरंच हाय की वो, भाऊजी."

मी आवाज चढवला. उत्तर सुचलं नाही की मी तेच करतो, हे तुम्हाला माहीत आहे. मी म्हणालो, शोकाला शोकाचंच अक्षर पाहिजे, लोक काय म्हणतील, दुकानाचं नाव खाली असतं. तुम्ही पिशवी उचलताना एवढंच बोललात, "रडणाऱ्या माणसाला टेकाया जागा लागती. तुमची ताठ अक्षरं समदी उभीच. कुठं टेकावं त्यानं?" आणि गेलात. बायजाआत्याचा फ्लेक्स मी ताठ अक्षरात केला. मधे काही बाजार तुम्ही दुकानात आलाच नाहीत. नंतर आलात, ठेचा-भाकरी झाली, पुन्हा सगळं पहिल्यासारखं झालं, पण तो विषय दोघांनीही काढला नाही. मी समजलो, आपण जिंकलो.

मग तुम्हाला ताप आला. अंगावर काढलात. दवाखान्यात नेलं तेव्हासुद्धा तुम्ही म्हणत होतात, की सोमवारी पोरांची वजनं आहेत. त्यातलं मी काही आठवत नाही बसणार.

आपल्याकडं माणूस गेल्याची बातमी फोननं पुढं जाते आणि माणूस घरी पोचायच्या आत फाट्यावर त्याचा फ्लेक्स उभा राहतो. उशीर झाला तर लोक नावं ठेवतात, एवढं गणगोत असून साधा फलक लागला नाही म्हणून. हे काम एरवी मी करतो. अख्ख्या तालुक्याच्या मयतीचे फ्लेक्स वेळेत पोचवणारा माणूस त्या दिवशी तुमच्याबरोबर गाडीत होता आणि दुकानाला कुलूप होतं. आपल्या आळीतली तरणी पोरं, जी तुमच्याच अंगणवाडीतली, ती थांबली नाहीत. त्यांनी दुसऱ्या दुकानात धाव घेतली. तिथं कुणाच्या तरी वाढदिवसाची, खोडीतलीच, फाइल उघडी होती. फोटो बदलला, नाव बदललं, 'वाढदिवसाच्या हार्दिक शुभेच्छा' काढून 'भावपूर्ण श्रद्धांजली' टाकलं. गाडी निघाल्याचा फोन आला होता, घाई झाली. अक्षर बदलायचं कुणाच्या ध्यानात आलं नाही. दोन्ही कोपऱ्यांतले फुगेसुद्धा तसेच राहिले, लाल आणि पिवळे. पोरांना मी एका शब्दानं बोललेलो नाही. त्यांनी तुमच्यासाठी जे केलं ते जीव तोडून केलं.

गाडी फाट्यावर थांबली. माणसं जमली होती. कुणीतरी मागचं दार उघडलं. दादा दाराकडं तोंड करून बसला होता, मी तुमच्या उशाशी. दार उघडलं आणि समोर तुम्ही. गॅदरिंगच्या फोटोतल्या, पदर खांद्यावर, तोंडभर हसणाऱ्या. खाली तुमचा श्र, पाय आडवा घालून उभा.

मला हसू आलं. मी गळ्यातला गमछा तोंडात कोंबला. त्यानं ते थांबलं नाही, नाकातनं यायला लागलं. पोट दुखेस्तोवर. दादा झटकन मागं वळला. त्यानं आधी तुमच्याकडं बघितलं, मग माझ्याकडं. त्याच्या तोंडावर एक क्षण काहीतरी पेटलं आणि लगेच विझलं. पन्नास माणसांसमोर भावानं तोंडाला काळं फासल्यावर माणसाचा चेहरा दुसरा कसा होणार, असं मी समजलो.

पुढं माती झाली, आंघोळी झाल्या. ओसरीवर बसलेले पाहुणे मला ऐकू जाईल असं म्हणत होते, "धक्का बसला की व्हतं आसं. डोकं काम करत न्हाई मानसाचं." मी मान हलवली. खाली बघून मान हलवली, वहिनी, आणि ही दुसरी लाज. कारण धक्का वगैरे काही नव्हतं. मला खरोखरीचं, आतून हसू आलं होतं. रसवंतीवर आलं असतं तसं. दुःखानं वेडा झालेला दीर म्हणून लोकांनी मला सहानुभूतीचा चहा पाजला आणि मी तो प्यालो.

राख सावडायच्या दिवशी मी दादाच्या जवळ गेलो, तर तो तोंड फिरवून दुसरीकडं चालायला लागला. घरात जे काही सांगायचं ते तो मंगलला सांगतो आणि मंगल मला. "दादा म्हनत्यात, तेरवीला भटजीला सकाळीच सांगा." "दादा म्हनत्यात, मंडपाचं बघा." परवा मंगलच वैतागली. म्हणाली, "पाय धरा की त्यांचं येकदा. माणूस वाळत चाललंय." मी म्हणालो, धरू काय सांगून? हसू आलं म्हणून हसलो, असं सांगू? लहानपणी दादाच्या पाठीवर बसून ओढा ओलांडलेला मी, त्याच्या घराच्या उंबऱ्याशी जाऊन दोनदा परत आलो.

इथवर काल सकाळी लिहून ठेवलं होतं. आणि काल दुपारी दादाच आला. दुकानात.

आधी बाहेर मोटरसायकलीजवळ उभा राहिला. मग आत येऊन तुमच्या स्टुलावर बसला. डोक्यावरची टोपी काढून मांडीवर ठेवली. मी उगाचच माऊस हलवत राहिलो. खरंच वाळलेला दिसत होता, मंगल म्हणत होती तसा.

"फाट्यावरला फलक कुठं हाय?"

"हाय. मागं ठिवलाय."

"हिकडं आन त्यो."

मी रोलांआडून गुंडाळी काढली आणि टेबलावर उलगडली. दोन टोकं मी धरली, दोन त्यानं. फुगे, तुम्ही, तुमचा श्र. दादा वाकून, बोट फिरवत फिरवत वाचत होता, जसा काही पहिल्यांदाच वाचतोय. श्रवर येऊन बोट थांबलं.

"कावून हसला तू?"

पाहुण्यांसमोर हलवलेली मान इथं हलेना. सगळं सांगितलं. बायजाआत्याचा फ्लेक्स, आपलं भांडण, मढं उठून हसंल असं मी म्हणालो होतो ते. आणि जे मी तोवर मंगललाही सांगितलं नव्हतं, तेही सांगितलं.

"दार उघडलं आन ह्यो श्र दिसला. मी पयलं वैनीकडं बघितलं, दादा. खरंच बघितलं. म्हनलं, आता हसत्यात का काय. त्या हसल्या न्हाईत. मंग मलाच हसू आलं."

 रस्त्यावरनं एसटी गेली, दुकानाची काच थरथरली. मी म्हणालो, "चुकलं माजं. मार मला."

"ते मला ठावं हाय," तो म्हणाला. "बायजाआत्याचं. घरी येऊन सांगितलं व्हतं तिनं. लई दिस फुरंगटून व्हती, मंग सांगता सांगता हसाया लागली. म्हनली, भाऊजी म्हनत्यात मढं उठून हसंल." दादाचं बोट अजून श्रवरच होतं. "दार उघडलं तवा मलाबी ह्योच दिसला. मलाबी तेच आठवलं. आन तेवढ्यात माज्या पाठीमागं हसू आलं. दाबलेलं. नाकातलं."

मला कळेना तो काय सांगतोय. मग एकदम कळलं.

"मला वाटलं, ती हसली," दादा म्हणाला. "म्हनून वळलो मी. वळून बघितलं तर ती तशीच, आन तोंडात गमछा घातलेला तू."

वहिनी, मी इतके दिवस लाजत होतो ते कशाची लाज घेऊन? गावासमोर हसलो त्याची. लोक काय म्हणतील, तीच माझी जुनी लाज. आणि इथं माझ्या भावाला त्याची बायको एक क्षण परत मिळाली होती आणि ती मी माझ्या नाकातनं दिली आणि तिथल्या तिथं काढून घेतली. ह्याच्यासाठी कुठल्या शब्दात माफी मागायची? मला येत नाही. माझ्याकडं शेकडो फॉन्ट आहेत आणि त्यातला एकही ह्या कामाचा नाही.

"राग न्हाई तुजा," दादा म्हणाला. "पर तुज्याकडं बघितलं की ते हसू कानात येतंय. मंग परत वळून बघावं वाटतंय. म्हनून बोलत न्हाई."

मी रडलो. त्या दिवशी आलं नव्हतं ते सगळं आलं. दादा टोपीनं डोळे पुसत होता आणि फ्लेक्सवर पाणी पडू नये म्हणून दुसऱ्या हातानं तो बाजूला सरकवत होता. तुम्ही म्हणाला होतात ना, रडणाऱ्याला टेकायला जागा लागते. आम्ही दोघं तुमच्या त्या वाकड्या अक्षरांवर कोपरं टेकून बसलो होतो, हे माझ्या ध्यानात फार उशिरा आलं.

निघता निघता मी विचारलं, "तेरवीच्या फलकाला अक्षर कोणतं लावू?"

"तिचं सोडून आजून कोणतं लावतो?"

"आन फुगं?"

"फुगं काढ," तो म्हणाला. "तिला फुगं न्हवतं आवडत. फुटलं की लेकरं भ्यायची."

दारात गेल्यावर तो थांबला. टोपी नीट केली आणि पाठमोराच म्हणाला, "तेरवीला फाट्यावर मी तुज्याशेजारीच उभा ऱ्हानार हाय. हसू आलं तर दाबू नको. पर आदी माजा हात धर. मंजी मला कळंल, तू हसायलास."

वहिनी, फ्लेक्स तयार आहे. गॅदरिंगचाच फोटो घेतलाय, पदर खांद्यावरचा. नाव टाइप करताना रेघ मधे जिथं जिथं लोंबते तिथं तशीच लोंबू दिलीय, दोन्ही टोकं एका उंचीवर आहेत. तुमचा श्र पोट पुढं काढून, पाय आडवा घालून उभा आहे आणि द्ध अजून पडलेला नाही. आपल्या भांडणात तुमचं बरोबर होतं, हे मान्य करायला एवढा उशीर लागला.

उद्या फलक उभा करायच्या आधीच मी दादाचा हात धरून ठेवणार आहे.